एक जानेवारीची माणसं

आमच्याकडं माणूस दोनच तारखांना जन्मतो. शाळेत गेलेला असंल तर एक जूनला, आन् गेलेला नसंल तर एक जानेवारीला. गुरुजींनी हजेरीत नाव घालताना सगळ्यांना एक जून देऊन टाकला. पुढं आधार कार्ड काढायला मशीन घेऊन जे आले, त्यांनी उरलेल्यांना एक जानेवारी दिला. इतकी वर्षं यात कुणाचं काही अडलं न्हाई. अडलं ते विठाबाईचं, आन् तिच्यापायी रईसाआपाचं.

मी भुजंग. नांदेडात एक धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना हाय, त्याची गाडी बावीस वर्षं चालवून राहिलो. मुखेड, मुदखेड, देगलूर, कंधार अशा ठिकाणी शिबिरं असतात. तिथं म्हातारी माणसं तपासायची, मोतीबिंदू निघाला की तारीख द्यायची, त्या तारखेला गाडीत घालून नांदेडला आणायची, ऑपरेशन झालं की नेऊन सोडायची. मी रागीट माणूस हाय, ते आधीच सांगून ठेवतो. रईसाआपा म्हणतात, भुजंगभाऊंचा हॉर्न गाडीत न्हाई, गळ्यात हाय.

रईसाआपा म्हणजे आमच्या नोंदणीच्या खिडकीवरची बाई. देगलूर नाक्याकडं राहतात. त्यांचे मालक जलीलभाई घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळं असंल, पण आपा एक मिनिट उशिरा आलेल्या माझ्या आठवणीत न्हाईत. एकोणीस वर्षं खिडकीवर, शिबिराच्या दिवशी माझ्यासंगं गावात. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आन् नोंदवही अशी की तहसीलवाल्यांनी येऊन शिकावं. "तुम्हाला कळत न्हाई का?" हे त्या पेशंटला बोललेल्या मी कधी ऐकलं न्हाई. मला रोज बोलतात.

एकच गोष्ट सांगतो, म्हणजे बाई कशी हाय ते कळंल. ऑपरेशननंतर पेशंटला दोन थेंबाच्या बाटल्या द्यायचे. एक दिवसातनं चारदा टाकायची, एक फक्त झोपताना. दोन्ही बाटल्यांना पांढरं टोपण, दोन्हीवर इंग्रजी. माणसं घोटाळा करायची, डोळा लाल करून परत यायची, आन् डॉक्टर कावायचे की सांगितलेलं ऐकत न्हाईत. आपांनी चार महिने बघितलं. मग एक दिवस लाल दोऱ्याचं रीळ घेऊन बसल्या आन् झोपतानाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला. लाल दोरा दिवा लावल्यावर, एवढंच सांगायचं. घोटाळा बंद झाला. डॉक्टर म्हणले, आता माणसं सुधारली. आपांनी पुढचं रीळ आणायला मला पाठवलं.

तर मागच्या वर्षी ट्रस्टनं लातूरच्या एका कंपनीकडून ॲप करून घेतलं. वही बंद, मोबाईल चालू. ॲपात बारा पडदे. प्रत्येक पडद्यावर काहीतरी विचारायचं, भरायचं, आन् खाली उजव्या कोपऱ्यात हिरवं बटण दाबायचं, 'पुढे'. नाव, पुढे. गाव, पुढे. जन्मतारीख, पुढे. शुगर हाय का, पुढे. साठ माणसांचं शिबिर म्हणजे सातशे वेळा पुढे. समोर म्हातारी माणसं एकमेकांना ढकलून राहिलेली, नेट जाऊन राहिलेलं, आन् कुणाचं तरी कार्ड घरीच राहिलेलं. कार्डाचा नंबर टाकला तर टाका, नसला तर सोडा, अशी सोय कंपनीनंच दिली होती.

कधी मधी एक तेरावा पडदा यायचा. ॲपला वाटायचं की हे माणूस आधीच नोंदलेलं हाय, कारण नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख आन् फोन नंबर सगळं जुळतंय. आता एक जानेवारीवाल्या गावात सगळं जुळणार न्हाई तर काय होईल? भावकीचं आडनाव एकच, नावं तीच ती, आन् फोन नंबर सगळे मिळून एकाच पुतण्याचा देतात. त्या पडद्यावर वर बारीक अक्षरात चार ओळी, आन् खाली उजव्या कोपऱ्यात तेच हिरवं बटण. तेवढंच, तसंच, तिथंच. फक्त त्यावर लिहिलेलं 'एकत्र करा'. अंगठा काही वाचत न्हाई. दाबला की दोन माणसांचा एक माणूस. आवाज न्हाई, धूर न्हाई. माणसं वेगळी ठेवायची असली तर त्यासाठी वर डाव्या कोपऱ्यात करड्या रंगाचं नखाएवढं काहीतरी होतं.

मार्च महिन्यात मी मुखेडकडून गाडी भरून आणली. त्यात बोरवाडीची विठाबाई केंद्रे होती. सत्तरीची. डावा डोळा लहानपणीच गेलेला, उजव्यात मोती पिकून पांढरा झालेला. म्हणजे बाईकडं उजेड जाण्यासारखी एकच खिडकी, आन् तीही बंद होऊन राहिलेली. भरती करायच्या टेबलावर नाव टाकलं तर स्क्रीनवर आलं, ऑपरेशन झालेलं आहे, डिसेंबर.

"मावशी, तुमचं झालंय की," टेबलावरचा म्हणाला.

"कवा?" विठाबाई म्हणाली.

"डिसेंबरात."

विठाबाईनं थोडा विचार केला. "मंग मला दिसंना कसं?"

टेबलावरच्यानं पुढच्या माणसाला बोलावलं. बाई भिंतीला धरून धरून बाजूला झाली. शेजारच्या खिडकीतून आपांनी ऐकलं आन् उठून बाहेर आल्या. पाच मिनिटांत उलगडा झाला. बोरवाडीत विठाबाई केंद्रे दोन. सख्ख्या जावा. दोघींचा जन्म एक जानेवारीचा, वर्षही कार्डवाल्यानं सारखंच मारलेलं. मोठीचं ऑपरेशन डिसेंबरात झालं. धाकटीची, म्हणजे हिची, नोंद फेब्रुवारीच्या शिबिरात आपांनीच केली, आन् तेराव्या पडद्यावर त्यांचाच अंगठा हिरव्यावर पडला.

आपा विठाबाईला हाताला धरून व्यवस्थापकांकडं घेऊन गेल्या. मी पण गेलो, मला कुणी बोलावलं नव्हतं. व्यवस्थापक अमृतराव तसा वाईट माणूस न्हाई. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी रकान्यात बसवायची असते. त्यानं कॉम्प्युटरवर नोंद काढली आन् म्हणाला, "उघडता येते. पण कारण निवडावं लागतं."

कारणं दोन होती. 'रुग्णाने चुकीची माहिती दिली' आन् 'कर्मचाऱ्याची चूक'.

पहिलं निवडलं तर पेशंट यादीच्या शेवटी जातो, म्हणजे चार महिने, आन् वर गावातून दाखला आणायचा. दुसरं निवडलं तर नोंद लगेच उघडते, पण कर्मचाऱ्याच्या नावावर एक चूक चढते. तीन चुका झाल्या की आयडी लॉक. आपांच्या नावावर दोन आधीच होत्या. मार्चअखेरीला ट्रस्टची बैठक असते आन् कुणाला पुढं ठेवायचं ते तिथं ठरतं. आम्ही सगळे वर्षावर्षाच्या कागदावर हाव.

"पेशंटची टाका," अमृतराव हळू आवाजात म्हणाला. त्याला आपांची काळजी होती, ते मी नाकारत न्हाई. "तिला काय फरक पडतोय."

"चार महिन्यांचा पडतोय," आपा म्हणाल्या. "आन् तिनं चुकीचं काय सांगितलं? नाव बरोबर, गाव बरोबर, तारीख कार्डावरची."

"मग तुमची टाकू का?"

"माझी बी न्हाई."

"मग कुणाची?"

"तिसरं कारण दाखवा."

"तिसरं नाहीच ना, आपा."

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या बॅटरी मारून बघितलं आन् म्हणाले, आठवड्याच्या आत करायला पाहिजे, नंतर आतला दाब वाढला की नस जाईल. आपांनी अमृतरावाची खुर्ची मागं सरकवली, स्वतः माऊस धरला आन् 'कर्मचाऱ्याची चूक' दाबलं. विठाबाई उघडली. आपा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला विठाबाईचं ऑपरेशन झालं, आन् तिसऱ्या दिवशी ती आपांच्या खिडकीसमोर उभी राहून, माय तू लई बुटकी हाईस की, म्हणाली.

आता तुम्हाला वाटंल, संपलं. मलाही वाटलं होतं. मी आपांना म्हणालो, झालं ना, आता लातूरला जाऊन तीन दिवस ट्रेनिंग घ्या, माफीचा कागद द्या, आयडी उघडून घ्या. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या.

"विठाबाई इथवर आली म्हणून कळलं, भुजंगभाऊ," त्या म्हणाल्या. "ज्यांना झालंय म्हणून घरी पाठवलं आन् जे गुमान गेले, त्यांचं काय?"

घरी पाठवलेल्यांना सोडायला मीच जातो.

शिबिरात ॲप असलं तरी दारात चिठ्ठी फाडायची जुनी रीत चालूच होती, नंबर लावायला. आपांनी आपल्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. आयडी बंद असल्यामुळं त्यांना दुसरं काम नव्हतं, त्यामुळं चिठ्ठ्या आन् छापील याद्या घेऊन बसल्या. चिठ्ठ्या साठ, यादीत सत्तावन. चिठ्ठ्या बावन्न, यादीत पन्नास. त्यांच्या एकट्यांकडून सत्तावीस माणसं दुसऱ्या कुणात तरी शिरली होती. त्या दिवशी आपांनी डबा उघडला न्हाई.

आमच्या सगळ्या केंद्रांवर मिळून नोंदणीच्या बाया नऊ. कंपनीच्या हिशोबानं बाकी आठ जणींच्या चुका जवळजवळ शून्य. मी म्हणालो, बघा, बाकीच्यांना जमतंय. आपा म्हणाल्या, तुम्हाला कळत न्हाई का. आन् मुखेडच्या पुनमला फोन लावला, माझ्यासमोर.

"पुनम, तुझ्याकडं चिठ्ठ्या आन् यादी जुळते का?"

"जुळते की आपा. का?"

"माझी जुळत न्हाई. माझे सत्तावीस कमी हायत."

पुनम रडायलाच लागली. तिचे चौतीस होते. एम.ए. झालेली पोरगी, सासरी सगळ्यांना अभिमान, आन् रोज संध्याकाळी चिठ्ठ्या जास्त निघाल्या की त्या पर्समध्ये घालून घरी नेऊन कपाटात ठेवायची. तिला वाटलं होतं की आपल्या एकटीलाच येत न्हाई. मुदखेडची उज्ज्वला निवृत्त शिक्षिका, तिचे एकोणीस. ती म्हणाली, या वयात पोरांसमोर कशाला सांगू की मला मोबाईल येत न्हाई. आपा प्रत्येकीला आधी स्वतःचा आकडा सांगायच्या आन् मग तिचा विचारायच्या. दोन दिवसांत नऊच्या नऊ आकडे आले. एकशे त्रेसष्ट.

एकशे त्रेसष्ट माणसं, आन् नऊ बाया सहा महिने लपवून राहिलेल्या, कारण कबूल केलं असतं तर निवडायला जागा एकच होती, 'कर्मचाऱ्याची चूक'. मला लई राग आला. कुणाचा ते नीट कळलं न्हाई, म्हणून मी गाडी धुतली.

आपा लातूरला गेल्या न्हाईत, म्हणून पुढच्या सोमवारी लातूरहून कंपनीची शिवांगी आली. आपांना ट्रेनिंग द्यायला. पंचविशीतली, तोंडावर हसू, बोलायला गोड. लॅपटॉप उघडून म्हणाली, "मॅडम, घाबरायचं काही कारण नाही. आपण अगदी बेसिकपासून बघू."

आपांनी टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या. केंद्रागणिक नऊ गठ्ठे, रबर लावलेले.

शिवांगीनं बघितलं, समजून घेतलं, आन् म्हणाली, "पण मॅडम, स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेलं आहे. वाचून दाबलं असतं तर हे झालंच नसतं."

तिथं माझा हॉर्न वाजला. मी काय बोललो ते लिहीत न्हाई. आपांनी हात वर केला आन् मला गप केलं. मग त्या पोरीशी अशा बोलल्या, पेशंटशी बोलतात तशा.

"बाळा, आम्ही नऊ जणी. एक एम.ए. हाय, एक शिक्षिका, मी दहावी. बारा पडद्यांवर आमच्या चुका किती?"

शिवांगीनं लॅपटॉपात बघितलं. "जवळपास नाहीतच."

"आन् तेराव्यावर?"

"एकशे त्रेसष्ट."

"आम्ही अडाणी असतो तर तेराही ठिकाणी अडाणी असलो असतो ना. नऊ जणी नऊ गावात बसून एकाच जागी कशा चुकतील? आम्ही काय ठरवून चुकलो?"

शिवांगीचं हसू गेलं. पोरगी खरी होती, ते मान्य करतो. तिनं मोबाईल घेतला आन् एकटीच पुढे, पुढे करत बसली. मग म्हणाली की तो पडदा शेवटी घाईत केला होता, बटण आधीच्या पडद्यावरून तसंच उचललं. "तपासलं होतं का?" आपांनी विचारलं. तपासलं होतं. ऑफिसातल्या बावीस जणांची नावं टाकून. त्यांच्याकडं प्रत्येकाचा वाढदिवस वेगळा होता, त्यामुळं तेरावा पडदा कधी आलाच न्हाई.

गुरुवारपर्यंत बटण बदललं. आता तो पडदा पिवळा येतो, दोन्ही माणसांची नावं नवऱ्याच्या नि बापाच्या नावासकट समोरासमोर दाखवतो, आन् हिरवं काही नसतं. तेव्हापासून एकही माणूस दुसऱ्यात शिरला न्हाई. कंपनीनं ट्रस्टला अहवाल दिला की सखोल प्रशिक्षणामुळे चुका शंभर टक्के कमी झाल्या. अमृतरावानं तो बैठकीत वाचून दाखवला. आपांना ठेवलं, आयडी उघडला. नावावरच्या तीन चुका मात्र तशाच हायत, त्या पुसायची सोय ॲपात न्हाई. मी म्हणालो भांडा, तर म्हणाल्या, आधी यादी.

एकशे त्रेसष्टांपैकी बऱ्याच ठिकाणी एकात शिरलेल्या दोघांचंही वेळेत निभावलं होतं. ऑपरेशन न होता यादीत 'झालं' म्हणून बसलेले एकाहत्तर निघाले. एप्रिलभर मी आन् आपा गावोगाव फिरलो. बहुतेकांना पुढची तारीख येईल असंच वाटत होतं. ते आले, त्यांचं झालं. चौघं वारले होते.

मुदखेडच्या पुढं एका गावात रामलिंगबाबांचं नाव होतं. आम्ही गेलो तेव्हा म्हातारा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. आपांनी आवाज दिला, दवाखान्यातून आलोय म्हणून सांगितलं. तो घाईनं उठायला गेला, सुनेनं सावरला.

"लई उपकार झाले तुमचे," बाबा म्हणाला. "ऑपरेशन लई छान केलं होतं. टाका न्हाई, पट्टी न्हाई. औषध टाकलं, मशीनमधी बघितलं, आन् म्हणले झालं."

आपा ओसरीच्या कडेला बसल्या. "बाबा, ते तपासणं होतं. ऑपरेशन झालंच न्हाई तुमचं."

"झालं की. टेबलावर सांगितलं ना त्यांनी."

"चुकून सांगितलं, बाबा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. आपांची समजूत घालावी तशी हलवली. "न्हाई माय. तुमचं काही चुकलं न्हाई. मीच मूर्ख. गाडीत बजावून सांगितलं होतं, पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं न्हाई. मी तिसऱ्याच दिवशी घेतलं. तेव्हापासून डोळा ठणकून राहिला. म्हणलं, एवढं फुकटात करून दिलं आन् आपण घालवलं. आता कोणत्या तोंडानं जायचं दवाखान्यात?"

ते गाडीत बजावून सांगणारा मी. ऑपरेशन झालेल्यांना सोडताना मी ते ओरडून सांगतो, मागच्या सीटपर्यंत ऐकू जायला पाहिजे म्हणून. त्या दिवशी मागच्या सीटवर रामलिंगबाबा होता. पाच महिने त्यानं ठणका सोसला आन् कुणाला बोलला न्हाई.

आम्ही त्याला गाडीत घातलं. आपा पूर्ण रस्ताभर त्याच्या शेजारी बसून एकच सांगत होत्या, बाबा, पाण्यानं काही झालं न्हाई, तुमचं काही चुकलं न्हाई. तो हो हो म्हणायचा. मला आरशातून दोघं दिसत होते आन् मला रडू आलं, सांगायला लाज कसली. नांदेडला डॉक्टरांनी तपासलं. त्या डोळ्याची नस गेलेली होती, दुसरा वाचणार होता. डॉक्टर काही बोलायच्या आत म्हाताऱ्यानं हात जोडले आन् म्हणाला, "साहेब, मी पाणी लागू दिलं."

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आपांनी त्याला कागदावर लिहून दिलं, सही करून, की तुमची चूक नव्हती. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मागच्या महिन्यात त्या गावात शिबिर होतं. नंबर लावून बसलेल्या माणसांना रामलिंगबाबा स्वतः समजावून सांगत होता, दवाखाना एक नंबर हाय, फक्त सांगितलेलं ऐकत जा, माझा एक डोळा माझ्याच चुकीनं गेला.